सोलला गेलो, सोलून निघालो

निघण्याच्या आदल्या रात्री लेकीने माझ्या हातात एक कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत ‘कोरियन संस्कृती : अनुभवायच्या गोष्टी’, खाली एकोणीस कलमं आणि प्रत्येक कलमापुढे खूण करायला रिकामी चौकट. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. रिकामी चौकट दिसली की ती भरेपर्यंत मला झोप लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निमित्त होतं माझ्या साठीचं. बायकोला साठीशांत करायची होती. लेकीचं म्हणणं, तेवढ्याच पैशांत थोडी भर घातली तर कोरिया होतो. ही ‘थोडी भर’ नेमकी किती, हे मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख बायकोही वाचणार आहे. गेल्या पाच वर्षांत लेकीने इतक्या कोरियन मालिका पाहिल्यात की दचकली तर ती ‘अगंबाई’ न म्हणता ‘ओमो’ म्हणते. अशा मुलीपुढे गुरुजी टिकले नाहीत. दिवाळीचा फराळ डब्यांत भरून, नोव्हेंबरच्या थंडीत, आम्ही तिघं डोंबिवलीहून सोलला पोचलो.

कलम पहिलं : हानबोक घालून राजवाडा पाहणे.

ग्यॉन्गबोकगुंग हा जोसॉन राजांचा मुख्य राजवाडा. १३९५ साली बांधला. १५९२ च्या जपानी स्वारीच्या धामधुमीत जळून गेला, पुढे पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानी राजवटीने त्यातलं बरंच काही पुन्हा पाडलं, त्याची बांधणी अजून चालू आहे. (आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल मी उगाच निराश होत होतो.) तिकीट तीन हजार वॉन, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. पण अंगावर हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख असेल तर प्रवेश फुकट. हे तीन हजार वाचवता यावेत म्हणून राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत भाड्याने हानबोक देणारी दुकानं आहेत. भाडं तिकिटाच्या कितीतरी पट. बँकेत आम्ही यालाच आकर्षक योजना म्हणायचो.

लेकीने माझ्यासाठी राजाचा पोशाख निवडला. लालभडक झगा, छातीवर सोनेरी ड्रॅगन. बायकोने फिकट हिरवा घागरा घेतला. हा घागरा कमरेला नाही, छातीशी बांधतात आणि तिथून तो छत्रीसारखा खाली उघडतो. आरशात एक गिरकी घेऊन ती म्हणाली, “याच्यात चार पुरणपोळ्या खाल्ल्या तरी कुणाला कळायचं नाही.” कोरियन संस्कृतीबद्दल आमच्या घरातून व्यक्त झालेलं हे पहिलं अधिकृत मत.

दहा वाजता मुख्य दारापाशी पहारा बदलण्याचा सोहळा असतो. मोठा ढोल, रंगीत झेंडे, भाले घेतलेले शिपाई. माझ्या अंगावर ड्रॅगन होता, त्यामुळे नीट दिसावं म्हणून मी सहज दोन पावलं पुढे सरकलो. एका तरुण कर्मचाऱ्याने कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, अत्यंत आदराने मला दोरीच्या मागे नेऊन उभं केलं. माझेच शिपाई, माझाच राजवाडा आणि मी दोरीच्या मागे. घरीही साधारण असंच असतं म्हणून फारसं लागलं नाही.

बुकछॉन ही जुन्या कौलारू घरांची वस्ती तिथून चालत जाण्याजोगी. घरांत माणसं राहतात, त्यांना पर्यटकांचा इतका जाच झाला की आता वस्तीच्या मुख्य भागात पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच मुभा आहे. जागोजागी ‘शांतता राखा’ अशा पाट्या. तिथे आमच्या घराण्याकडून जो काही आवाज झाला तो एकाच वाक्याचा होता, आणि ते वाक्य “अहो, हळू बोला!” हे होतं.

राजवाड्यासमोरच्या चौकात राजा सेजोंगचा सोनेरी रंगाचा पुतळा बसलेला आहे. माझ्या मते सोलमध्ये नमस्कार करावा असा माणूस हाच. सामान्य रयतेला चिनी अक्षरं झेपत नाहीत म्हणून त्याने १४४३ मध्ये नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. अठ्ठावीस अक्षरं होती, आज चोवीस वापरात आहेत. आपण वर्णमालेत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडून थांबलो. त्यांनी त्या जागेचं चित्रच काढलं : ‘क’ म्हणताना जीभ घशाकडे जशी वळते तशी त्या अक्षराची रेघ, ‘म’ म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. हुशार माणसाला ही लिपी शिकायला एक सकाळ पुरेल आणि मठ्ठाला दहा दिवस लागतील, असा अंदाज तेव्हाच लिहून ठेवलेला आहे. मला तीन दिवस लागले. मी कुठे बसतो ते तुम्ही ठरवा.

ही लिपी शिकण्याची मजा अशी की सगळं वाचता येतं आणि काहीही कळत नाही. शाळेत संस्कृतच्या पेपरात माझं हेच व्हायचं. मेट्रोत बसल्या बसल्या मी पाट्या वाचत सुटलो. एक पाटी तीन स्टेशनं लावून वाचली : खॉ… फी. खॉफी! म्हणजे कॉफी. मग ‘थॅक्शी’ सापडली, ती टॅक्सी. इंग्रजीतला एफ त्यांच्याकडे नाही, पण ख, थ, फ मात्र खणखणीत, अगदी आपल्या बालभारतीतल्यासारखे. शेजारचा गोरा पर्यटक ‘ख’ काढायला जाऊन नुसताच खोकत होता. मी त्याला तो काढून दाखवला. परदेशात मराठी माध्यमाचा उपयोग झाला, अशी माझ्या आयुष्यातली ही एकमेव नोंद.

आणि एका बागेत मागून एक पोरगं ओरडलं, “अप्पा!” मी आणि बायको, दोघंही गर्रकन वळलो. तिचे वडील अप्पा, माझे थोरले काका अप्पा. ते पोर एका तिशीतल्या माणसाकडे धावत गेलं. कोरियन भाषेत बाबांना अप्पाच म्हणतात. बायकोचे डोळे क्षणभर भरून आले. मग तिला आठवलं की अप्पांना परदेशातलं काहीच आवडायचं नाही, आणि आम्ही पुढे निघालो.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र रोज समोर येत राहिली, ती म्हणजे माझं वय.

कोरियात तुमचं वय कळल्याशिवाय तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हेच ठरत नाही. आपल्याकडे अरे-तुरे आणि अहो-जाहो एवढ्यावर भागतं. तिथे क्रियापदाची शेपटी समोरच्या माणसाच्या वयाप्रमाणे बदलते. एका वर्षाने मोठा असला तरी तो दादा. ‘छिंगु’ म्हणजे मित्र हा शब्द खरा तर बरोबरीच्या वयाला. त्यात २०२३ च्या जूनपर्यंत त्यांची रूढ मोजणीच निराळी होती : जन्मलं की एक वर्षाचं आणि एक जानेवारीला सगळ्या देशाचा एकदम वाढदिवस. म्हणजे एकतीस डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. मग कायदा आला, सरकारी कामात जगासारखीच मोजणी सुरू झाली, आणि एका रात्रीत अख्खा देश कागदावर वर्षा-दोन वर्षांनी लहान झाला. असा कायदा आमच्या निवृत्तीच्या आधी कुणी इथे आणला असता तर!

थेट वय विचारणं बरं दिसत नसेल तर ते विचारतात, तुमचा प्राणी कोणता? बारा वर्षांना बारा प्राणी. उंदीर, बैल, वाघ असं चक्र. आपण नाही का, “तुम्ही दहावी कोणत्या साली?” असं बाजूने विचारून लग्नाच्या मुलीचं वय काढतो, तसंच. माझा जन्म १९६५ चा, म्हणजे माझा प्राणी साप. बायको म्हणाली, “पत्रिकेत हे कुठे होतं?”

आणि गंमत पुढेच आहे. त्यांच्याकडे साठीला ‘ह्वानगाप’ म्हणतात आणि ती साजरी करतात, कारण साठ वर्षांचं चक्र तेव्हा पुरं होतं. आपलीही साठच संवत्सरं आणि त्यांचंही चक्र साठाचंच. साठीशांत चुकवून आम्ही तीन-साडेतीन हजार मैल लांब आलो, तर इथेही तीच दबा धरून बसलेली.

साठीचा तोरा मात्र मेट्रोत उतरला. डब्याच्या टोकाला ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात. डबा खच्चून भरलेला असला तरी तरुण मंडळी तिथे टेकत नाहीत. डोंबिवलीचा माणूस, रिकामी सीट आणि साठी पूर्ण! मी रुबाबात बसलो. पुढच्या स्टेशनवर एक आजोबा चढले, ऐंशीच्या आतले नसावेत. ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्यासमोर उभे राहून माझे केस न्याहाळू लागले, जे मी दिवाळीला काळे केले होते. तिथे पासष्टच्या पुढे मेट्रो फुकट आहे. त्यांच्या हिशेबी मी अजून उनाड पोर. मी उठलो. एकोणीस कलमांत नसलेला संस्कृतीचा हा पहिला खरा धडा मिळाला.

खाण्यापिण्याबद्दल मला फार बोलवत नाही, कारण बायको शाकाहारी आहे आणि कोरियात शाकाहार हा एक धाडसी खेळ आहे. ‘मांस नको’ म्हटलं तर वाढणारी बाई समजुतीने मान डोलावते आणि मासे घालून आणते, कारण मासे म्हणजे काही मांस नव्हे. (हे तत्त्वज्ञान आमच्या रत्नागिरीच्या मेव्हण्यांचंही आहे.) पण तिथल्या जेवणातली एक गोष्ट आम्हाला मनापासून आवडली : बान्छान. तुम्ही एकच पदार्थ मागवा, त्याच्याभोवती पाच-सहा वाट्या आपोआप येतात. किमची, मोड आलेली कडधान्यं, पालक, मुळा. संपल्या की परत भरून, फुकट. पहिल्या दिवशी बायकोने सगळ्या वाट्या हाताने लांब सारल्या. “आपण मागवलेलं नाही, बिलात लावतील.” लेकीने खुलासा केल्यावर तिने पालकाची वाटी तीनदा भरून घेतली आणि बक्षिशी ठेवायला लागली. तेही चालत नाही. तिथे बक्षिशीची पद्धतच नाही. ज्या देशात वाट्या फुकट आणि वर बक्षिशी नाही, त्या देशाबद्दल बँकवाल्याने वाईट बोलू नये.

ग्वांगजांगचा बाजार १९०५ पासूनचा. तिथे एका ठेल्यावर जातं गरगरत होतं आणि भिजवलेले मूग वाटले जात होते. पलीकडे तेलात जाड, खरपूस काहीतरी तळलं जात होतं. पदार्थाचं नाव बिन्दॅत्तॉक. बायको नाव ऐकायलाही थांबली नाही. “हे तर मुगाचं धिरडं!” तिने ठेल्यावरच्या काकूंना खुणेने सांगितलं की तेल जास्त झालंय आणि आच थोडी कमी करा. काकूंनी खुणेने सांगितलं की आधी खा. दोघी एकमेकींना पुरून उरल्या. त्या धिरड्यात किमची होती आणि किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोलंबी असते, हे मला तिथल्या तिथे आठवलं होतं. मी गप्प बसलो. छत्तीस वर्षं मी ग्राहकांची गुपितं सांभाळली आहेत.

खरं शाकाहारी जेवण मिळालं ते ओदेसान डोंगरातल्या वोलजॉन्गसा मठात. सोलपासून दूर, उंच फर झाडांच्या रांगांतून चालत जायचं आणि रात्री मठातच राहायचं. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या वेळी आलेल्या पाहुण्यांसाठी कोरियातल्या मठांनी ही सोय सुरू केली, ती आता सगळ्यांनाच खुली आहे. भिक्षूंच्या जेवणात मांसमासे नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही. चातुर्मास संपवून मी इतका खूश होऊन निघालो होतो, तो इथे पुन्हा सुरू झाला. जेवणाच्या विधीत चार वाडगे असतात. जे वाढून घेतलं ते संपवायचंच. शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या एका फोडीने वाडगे आतून पुसायचे, पाणी फिरवायचं, ती फोड खायची आणि ते पाणी प्यायचं. माझे आजोबा ताटात पाणी घालून ते पीत, तेव्हा आम्ही नातवंडं तोंडं वाकडी करायचो. मी ते पाणी प्यालो. आजोबा वरून बघत असतील या भीतीने दोन घोट जास्तच.

पहाटे उठून एकशे आठ नमस्कार. आपल्याकडे एकशे आठ म्हणजे जपमाळ, बसल्या जागी, बोटांनी. तिथे एकशे आठ गुडघ्यांनी. एक नमस्कार घातला की एक मणी दोऱ्यात ओवायचा. शेवटी माळ तयार. पस्तिसाव्या मण्याला माझ्या गुडघ्यातून जो आवाज आला, तो शेजारच्या भिक्षूंना लाकडी घंटेचा वाटला असावा. त्यांनी डोळे मिटले. माझी माळ बेचाळीस मण्यांची आहे. ती आता देव्हाऱ्यात आहे आणि पाहुण्यांनी मोजू नये एवढीच अपेक्षा.

मठाखालच्या गावात एका अंगणात पर्सिमनचं झाड होतं. आपल्याकडे त्याला जपानी फळ म्हणतात, ते कोरियात म्हणू नये. पानं सगळी गळलेली आणि शेंड्यावर चार-पाच केशरी फळं तशीच लटकत होती. शिडी पोचली नसेल, असं मला वाटलं. लेक म्हणाली, नाही, ती मुद्दाम ठेवतात, मॅगपाय पक्ष्यांसाठी. हा पक्षी सकाळी घराजवळ ओरडला की कुणी चांगला पाहुणा येणार, असं तिथे मानतात. त्यांचा छुसॉक हा सणही बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो. पूर्वजांना जेवण मांडतात आणि तांदळाच्या उकडीत सारण भरून सोंगप्यॉन उकडतात. बायको बराच वेळ त्या झाडाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, “कावळ्याचाच कुणीतरी लागतो.” आम्ही तिघंही तिथे जरा उगीच थांबलो.

आता कलम एकोणिसावं. लेकीने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं : जिमजिलबांग.

जिमजिलबांग म्हणजे सार्वजनिक स्नानगृह अधिक विश्रामगृह. वर गरम भट्टीसारख्या खोल्या, एक मिठाची, एक पिवळ्या मातीची. मधे मोठा दिवाणखाना, तिथे सगळे एकसारखे टी-शर्ट आणि चड्ड्या घालून जमिनीवर लोळतात. टॉवेलची गुंडाळी करून मेंढ्याच्या शिंगांसारखी टोपी डोक्यावर घालतात, भाजलेली अंडी खातात, शिख्ये नावाचं गारेगार गोड तांदळाचं पाणी पितात. हे सगळं छान. पण तिथे पोचण्यापूर्वी आंघोळ करावी लागते. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, आणि दोन्हीकडे नियम एकच : अंगावर काहीही नाही.

आम्ही पंचा नेसून, कडी लावून आंघोळ करणारी माणसं. दारात मला एक टॉवेल मिळाला, मोठ्या रुमालाएवढा. तेवढ्यात काय काय झाकणार? शेवटी मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे निदान मला तरी काही दिसेना.

आधी गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजायचं, मुगासारखं. मग ‘सेशिन’. एक गृहस्थ, अंगावर फक्त चड्डी, हातात हिरवा खरखरीत हातमोजा. या कापडाला ‘इटली टॉवेल’ म्हणतात, पण इटलीचा संबंध तेवढ्या कापडापुरता. बाकी ही वस्तू पक्की कोरियन. त्यांनी मला रेक्झिनच्या टेबलावर आडवं केलं, वर बादलीभर पाणी ओतलं आणि सुरुवात केली.

लहानपणी नरकचतुर्दशीला पहाटे आजी अंगाला उटणं लावायची आणि टाचा वज्रीने घासायची. ती वज्री म्हणजे मोरपीस वाटावं असा हा प्रकार. पाठीवरून, दंडावरून, काखेतून, कानामागून. माझी कातडी खोडरबराच्या चुऱ्यासारखी वळून वळून निघत होती. दिवाळीला अभ्यंगस्नान करून मी आलो होतो, महिनासुद्धा झाला नव्हता! त्या गृहस्थांनी चुऱ्याचा एक ढीग हातमोज्यावर गोळा करून माझ्या नाकासमोर धरला. चष्म्याशिवायही तो स्पष्ट दिसला. माझी साठ वर्षं त्यात होती, बहुधा डोंबिवली लोकलच्या थरासकट.

मग पाठीवर दोन चापट्या, म्हणजे कुशीवर वळा. एक चापट, म्हणजे दुसऱ्या कुशीवर. एव्हाना आमच्यात एक भाषा तयार झाली होती. माझे केस बघून त्यांनी काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण आठ दिवसांच्या अनुभवाने प्रश्न कळला. मी उताणा पडल्या पडल्या म्हणालो, “बॅम.” साप. त्यांना उच्चार समजला नाही. मग मी उजव्या हाताचा फणा केला आणि “हिस्स” केलं.

हातमोजा थांबला. ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही ओल्या, हिरव्या हाताचा फणा केला आणि म्हणाले, “हिस्स.” आणि छातीवर हात ठेवून, “छिंगु!”

त्यानंतर मला जे घासलं गेलं ते बहुधा दराच्या फलकावर नव्हतं.

तासाभराने मी दिवाणखान्यात मेंढा होऊन बसलो होतो, लालबुंद, गुळगुळीत, उकडीच्या मोदकासारखा. सुट्टीच्या वेळात माझे छिंगुही तिथे आले, शेजारी मांडी घालून बसले, एक भाजकं अंडं उचललं आणि फट्कन माझ्या कपाळावर फोडलं. ही तिथली रीत आहे म्हणे. मी दुसरं उचलून त्यांच्या कपाळावर फोडलं. आम्ही दोघं हसत सुटलो, तेवढ्यात बायकांच्या दारातून ही आणि लेक बाहेर आल्या.

ही माझ्या कपाळावरच्या टरफलाकडे बघत म्हणाली, “हे कोण?”

“मित्र आहे माझा.”

“इथे? कधी झाला?”

“आत्ताच,” मी म्हणालो. “कपडे घालायच्या आधी.”